लातूर-नांदेड भागातील कुस्ती : आश्रय व संघटना

मराठवाड्याच्या दक्षिण व पूर्व भागांत, मांजरा, तेरणा, मन्याड आणि गोदावरी ह्या नद्यांच्या खोऱ्यांत, कुस्ती हा खेळ अनेक पिढ्यांपासून रुजलेला आहे. आजचे लातूर व नांदेड हे दोन जिल्हे ह्या प्रदेशात मोडतात. कोल्हापूर, सांगली, मिरज किंवा बडोदे येथील कुस्तीस राजाश्रय होता व त्यामुळे तिचा इतिहास दरबारी कागदपत्रांत सापडतो. लातूर-नांदेडकडील कुस्तीस असा आश्रय क्वचितच मिळाला. ती गावच्या वर्गणीवर, जत्रेच्या फडावर आणि वस्तादाच्या घरच्या दुधावर वाढली. संघटना हा तिच्या इतिहासातील शेवटचा टप्पा होय. त्यामुळे हा खेळ कोणी पोसला, संघटनेने त्यास काय दिले आणि काय देता आले नाही, हे पाहण्यास हा भाग विशेष सोयीचा आहे.

हा सर्व मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जिल्ह्यांच्या सीमा तेव्हा आजच्याहून वेगळ्या होत्या. नांदेड हा स्वतंत्र जिल्हा होता. लातूर हे उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. भाषावार प्रांतरचनेत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा हे तीन तालुके उस्मानाबादला जोडले गेले. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. सीमांचा हा तपशील कुस्तीच्या दृष्टीने निरर्थक नाही. जत्रेच्या फडास जिल्ह्याची वा राज्याची हद्द ठाऊक नसते. बीदर, कलबुर्गी, सोलापूर, निजामाबाद ह्या सर्व बाजूंचे पैलवान एकाच मैदानात उतरत. संघटना मात्र राज्यवार व जिल्हावार बांधल्या गेल्या आणि खेळाडू कोणत्या जिल्ह्याचा हा प्रश्न त्यांच्याबरोबरच आला.

संस्थानी काळाची खूण खेळाच्या परिभाषेतही दिसते. तालीम हा शब्द मूळ अरबी व त्याचा अर्थ शिक्षण; पैलवान हा फार्सी; वस्ताद हे उस्तादचे मराठी रूप. आखाडा, मल्ल, लंगोट, जोर, बैठक हे शब्द त्यांच्या शेजारी सुखाने नांदतात. तालमीत मारुतीची मूर्ती असे आणि तिच्यापुढील हौदात हिंदू व मुसलमान असे दोन्ही समाजांचे तरुण उतरत. नांदेडला आणखी एक परंपरा आहे. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये तेथे निधन झाले व त्यांच्या स्मृतिस्थानी सचखंड श्री हुजूर साहिब हा गुरुद्वारा उभा राहिला. तेथे होळी व दसरा ह्या सणांस निघणारी हल्लाबोलाची मिरवणूक आणि तीतील शस्त्रांचे खेळ हे कुस्तीहून भिन्न असले, तरी व्यायाम व शस्त्रविद्या ह्यांस धर्मसंस्थेचा आधार कसा मिळतो, हे त्यांवरून दिसते.

निजामी राजवटीच्या अखेरच्या दोन-तीन दशकांत तालमीस राजकीय अर्थ प्राप्त झाला. संस्थानात सभा-संमेलनांस पूर्वपरवानगीचे बंधन होते. ह्या संदर्भातील ‘गश्ती निशाण ५३’ हा हुकूम त्या काळाच्या आठवणींतून वारंवार येतो. खाजगी शाळा काढण्यास परवानगी लागे, तशीच आखाडा काढण्यासही लागे. व्यायामासाठी एकत्र येणारे वीस तरुण ही सरकारच्या दृष्टीने वीस तरुणांची सभाच होती, आणि ह्या तर्कात सर्वस्वी चूक होती असेही म्हणता येत नाही. आर्य समाजाने उदगीर, लातूर व आसपासच्या गावी जे काम उभे केले त्यात संध्या-हवनाबरोबर व्यायामासही स्थान होते. उदगीरचे वकील भाई श्यामलाल हे ह्या कार्यातील प्रमुख. १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. १९३८-३९ मध्ये आर्य समाजाने संस्थानात केलेल्या सत्याग्रहामागे जी गाऱ्हाणी होती, त्यांत आखाड्यांवरील निर्बंध हे एक होते. खेळास वाहिलेली संस्था काढणे हाच जेथे सरकारी संशयाचा विषय, तेथे खेळाची रीतसर संघटना वाढली नाही ह्यात नवल नाही. ह्याच काळात ब्रिटिश मुलखातील अमरावतीस १९१४ मध्ये स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ मोठी संस्था म्हणून उभे राहिले होते. त्याच्या तोडीची संस्था ह्या भागात निर्माण झाली नाही.

तालीम ही संस्था लहान, पण तिची घडण पक्की असते. चार भिंतींची, वर पत्र्याचे वा धाब्याचे छप्पर असलेली खोली, मध्ये हौद, कोपऱ्यात मारुती, खुंटीला टांगलेले लंगोट. हौदात तांबडी माती असावी लागते. मराठवाड्याची काळी माती ह्या कामी निरुपयोगी, कारण ती भिजली की चिकटते आणि वाळली की ढेकळे होतात. म्हणून तांबडी माती गाड्या भरून बाहेरून आणावी लागते आणि गरीब गावाच्या तालमीचा हाच पहिला मोठा खर्च. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू व कापूर मिसळतात. ती मऊ राहते आणि खरचटलेल्या अंगास बाधत नाही. पहाटे हौद उकरणे हा स्वतंत्र व्यायामच होय. त्यानंतर जोर, बैठका, मग वस्तादाच्या नजरेखाली लढत. वस्तादास पगार नसे. तो बहुधा शेतकरी, पूर्वी फड गाजवलेला, आणि गावाने त्यास दिलेला मान हेच त्याचे वेतन. पैलवानाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम व थंडाई, हा घरच्या गोठ्यावर अवलंबून असे. ज्याच्या घरी दुभते जनावर नाही त्याला तालीम मोकळी असे, परंतु पैलवानकी परवडत नसे. ह्या खेळाच्या वाटेवर जातीपेक्षाही गोठ्याची अडचण मोठी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तालमीत मिळवलेले जत्रेत दाखवावयाचे, ही रीत. लातूरला महाशिवरात्रीस सिद्धेश्वर-रत्नेश्वराची यात्रा भरते व तीत कुस्त्यांचा फड हा मोठा कार्यक्रम असतो. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस भरणारी खंडोबाची यात्रा ही तर दक्षिणेतील मोठ्या यात्रांपैकी एक. घोडे, उंट, गाढवे व बैल ह्यांचा तेथे भरणारा बाजार प्रसिद्ध आहे. भटक्या जमातींच्या जातपंचायती तेथे भरत. तमाशाचे फड व लावणी ह्यांसाठीही लोक लांबून येतात. आधुनिक काळात ह्या यात्रेची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते, आणि पशुप्रदर्शन व कृषिप्रदर्शन ह्यांबरोबर कुस्त्यांच्या स्पर्धाही भरविते. जनावरांचा बाजार आणि कुस्ती ह्यांची जोड योगायोगाची नाही. बाजारात पैसा फिरतो, गावोगावचे पाटील व व्यापारी जमलेले असतात आणि इनामाची रक्कम जागच्या जागी उभी राहते.

जत्रेतील कुस्तीची पद्धत सांगण्यासारखी आहे. सुरुवात लहान मुलांच्या कुस्त्यांनी होते. त्यांस रेवड्या, नारळ किंवा किरकोळ नाणी मिळतात. पुढे वयाने व अंगाने मोठे पैलवान उतरतात आणि इनाम चढत जाते. जोड ठरविण्याचे काम पंचांचे. दोघांना समोरासमोर उभे करून, हात-खांदे पाहून, ‘ही जोड लागते’ असे ते ठरवितात; वजनाचा काटा नसतो. हलगी वाजत राहते. पाठ मातीला लागली की कुस्ती चितपट. वेळेचे बंधन ढिले असे. फार वेळ निकाल लागला नाही, तर पंच ती बरोबरीत सोडवत आणि इनाम वाटून देत. जिंकणाऱ्यास फेटा बांधून फिरवीत व प्रेक्षक त्याच्या हातावर आणखी पैसे ठेवीत. शेवटची कुस्ती सर्वांत मोठ्या इनामाची असे व तिच्यासाठी बाहेरगावच्या नामांकित मल्लास आधी सुपारी दिलेली असे. हा सर्व व्यवहार लेखी नियमांविना चाले. त्याचे गुण उघड आहेत. त्याचे दोषही उघड होते : आधीच ठरवून केलेल्या कुस्त्या, पंचांचा गावाकडे ओढा, दुखापत झालेल्या पैलवानाची कोणतीच सोय नसणे, आणि दुष्काळाच्या वर्षी सगळा फडच मोडणे. १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षी, जनावरांना चारा नसताना, पैलवानाच्या खुराकाची कल्पनाही करवत नाही.

गावचा आश्रय एका मर्यादेपर्यंत पुरतो. तालुक्याच्या फडात नाव काढलेल्या मुलाला पुढे शिकविणारा वस्ताद गावात नसतो, तोडीस तोड साथीदार नसतात, आणि तेव्हा त्याला बाहेर पडावे लागते. ह्या भागातील मुलांसाठी ती वाट कोल्हापूरकडे जाई. शाहू छत्रपतींनी तेथे कुस्तीस दिलेला आश्रय आणि १९१२ च्या सुमारास पूर्ण झालेले खासबाग मैदान ह्यांमुळे कोल्हापूर हे कुस्तीचे माहेरघर झाले होते. बार्शी लाइट रेल्वे ह्या अरुंदमापी लोहमार्गाने लातूर १९११ मध्ये कुर्डुवाडीशी जोडले गेले, आणि १९२७ मध्ये तो मार्ग पंढरपूरहून मिरजेपर्यंत गेला. लातूर हे अशा रीतीने संस्थानच्या राजधानीपेक्षा मिरज-कोल्हापूरकडे तोंड करून बसलेले गाव झाले. (२०१६ च्या पाणीटंचाईत लातूरला रेल्वेने पाणी आले, ते ह्याच मिरजेहून.)

राज्यव्यापी संघटनेचा विचार स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. त्याची निकड कशी होती, हे खाशाबा जाधव ह्यांच्या उदाहरणावरून कळते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परंतु त्यांच्या प्रवासाचा खर्च लोकवर्गणीतून आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून काढलेल्या रकमेतून भागवावा लागला. म्हणजे ऑलिंपिकचा मल्लही जत्रेतल्या मल्लाप्रमाणे वर्गणीवरच गेला. दुसऱ्याच वर्षी, १९५३ मध्ये, मामासाहेब मोहोळ ह्यांच्या पुढाकाराने कुस्तीगीर परिषदेची स्थापना झाली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात असल्यामुळे ह्या परिषदेच्या कक्षेबाहेर होता.

महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली आणि १९६१ मध्ये परिषदेने ‘महाराष्ट्र केसरी’ ह्या किताबाची स्पर्धा सुरू केली. पहिली स्पर्धा औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) झाली व सांगलीकडील दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. नव्या राज्यातील पहिले मोठे मैदान मराठवाड्यात भरावे, ही गोष्ट सहज घडलेली असो वा हेतुपूर्वक, तिचा परिणाम दूरवर झाला. जत्रेच्या फडापलीकडे एक मैदान आहे व तेथे आपल्या जिल्ह्याच्या नावाने उतरावयाचे असते, ही कल्पना ह्या भागात प्रथमच रुजली. परिषदेच्या रचनेत प्रत्येक जिल्ह्याची ‘जिल्हा तालीम संघ’ ही घटक संस्था असते. तिने तालुकावार चाचण्या घेऊन संघ निवडावयाचा असतो. वजनगट, ठरलेला वेळ, गुणांकन, परवानाधारक पंच ह्या गोष्टी गावच्या तालमीत संघाच्या मार्गानेच पोहोचल्या.

१९६९ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूरला झाली आणि ती निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड ह्या गावच्या हरिश्चंद्र बिराजदार ह्यांनी जिंकली. बिराजदारांचा जन्म १९५० चा. म्हणजे त्यांचे गाव तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. गावच्या मातीत सुरुवात करून ते कोल्हापूरच्या तालमीत गेले आणि विशीच्या आत राज्याचा किताब घेऊन लातूरला परतले. १९७२ मध्ये त्यांनी ‘रुस्तुम-ए-हिंद’ हा किताब मिळविला. १९७७ मध्ये बेळगाव येथे दिल्लीच्या सतपाल ह्यांच्याशी त्यांची झालेली कुस्ती आजही जुने शौकीन तपशिलाने सांगतात. सतपाल तेव्हा महाराष्ट्रातील नामवंत मल्लांना भारी पडत होते. बिराजदारांनी त्यांस हरविले आणि त्या एका कुस्तीने त्यांचे नाव सीमाभागापासून विदर्भापर्यंत घरोघरी झाले.

बिराजदारांचे खरे कार्य मात्र किताबांनंतरचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुण्यातील गोकुळ वस्ताद तालमीत ते शिकवू लागले आणि ‘मामा’ ह्या नावाने दोन पिढ्यांचे वस्ताद झाले. २००६ मध्ये त्यांस केंद्र शासनाचा ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या शिष्यांत लातूर जिल्ह्यातीलच काका पवार हे ग्रीको-रोमन शैलीचे मल्ल होते, ज्यांस १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पवारांनी पुढे पुण्यात कात्रज येथे कुस्ती संकुल उभे केले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे हे प्रथम बिराजदारांकडे व नंतर पवारांकडे शिकले. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ५७ किलो गटात सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीस झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत नाशिकचे हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचे शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघेही पवारांचे शिष्य, एकाच छपराखाली सराव करणारे. सदगीर ३-२ अशा गुणांनी विजयी झाले.

मराठवाड्याने दिलेल्या मल्लांची ही मालिका अभिमानास्पद आहे. पण ती बारकाईने पाहिली तर एक गोष्ट खटकते. गुरू लातूरचा, शिष्य लातूर-बीडचे, आणि तालीम पुण्याची. ज्या गुरुशिष्यपरंपरेस ह्या भागाने जन्म दिला तिला राहण्यास जागा ह्या भागात मिळाली नाही. कारणे निव्वळ भावनिक नाहीत. मोठ्या तालमीस बारमाही पैसा लागतो, आणि जत्रा वर्षातून एकदा येते. जिल्हा तालीम संघ निवड चाचणी घेतो, परंतु निवडलेल्या मुलाच्या वर्षभराच्या दुधाची तरतूद त्याच्या घटनेत नसते. पुण्या-कोल्हापुरात उद्योगपती, साखर कारखाने, देवस्थाने व राजकीय पुढारी मल्ल दत्तक घेतात. लातूर-नांदेडकडे अशी प्रथा अगदीच नाही असे नव्हे, पण ती निवडणुकीच्या वर्षी जोमात येते व नंतर ओसरते.

शासनाने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न वेगळ्या मार्गांनी केला. जिल्हा क्रीडा संकुले, शालेय स्पर्धा, निवासी प्रशिक्षणाची क्रीडा प्रबोधिनी योजना हे त्यांतील काही मार्ग. शालेय स्पर्धांच्या रचनेत लातूर हा स्वतंत्र विभाग आहे. नांदेडला १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर महाविद्यालयीन मल्लांना आंतरविद्यापीठ स्पर्धेचा जवळचा रस्ता मिळाला. वृद्ध मल्लांस मानधन आणि पदकविजेत्यांस पोलीस दलात थेट नेमणूक ही आश्रयाची नवी रूपे होत. राहुल आवारे असेच पोलीस उपअधीक्षक झाले. दरबारी पैलवान आणि पोलीस अधिकारी पैलवान ह्यांत फरक पुष्कळ आहे, परंतु खेळ संपल्यावर पोटाचे काय, ह्या जुन्याच प्रश्नाचे हे उत्तर आहे.

माती की गादी हा वादही संघटनेबरोबर आला. आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर, गुणांवर व मिनिटांवर चालते. मातीतला मल्ल दमदार असतो, पण गादीवरच्या चपळाईस त्यास जुळवून घ्यावे लागते. परिषदेने तडजोड काढली : महाराष्ट्र केसरीत माती व गादी असे दोन विभाग ठेवून दोन्हींतील विजेत्यांची अंतिम लढत लावावयाची. शुद्ध क्रीडादृष्टीने ही पद्धत अडचणीची वाटेल, कारण जगात दुसरीकडे ती नाही. परंतु तीमुळे गावच्या हौदात घडलेला मुलगा राज्याच्या किताबापर्यंत पोहोचू शकतो. लातूर-नांदेडच्या ज्या तालमींत गादी घेण्यास पैसे नाहीत त्यांच्या दृष्टीने ही तडजोड म्हणजे जीवदानच होय. महिलांच्या कुस्तीस राज्य पातळीवर मान्यता मिळण्यास मात्र फार उशीर झाला. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीला झाली व सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी ती जिंकल्या.

येथे एका अगदी निराळ्या खेळाशी तुलना उपयोगी पडेल. लूज ह्या खेळात बर्फाच्या वळणदार उतारावरून लहान घसरगाडीवर उताणे निजून, पाय पुढे करून, अतिवेगाने उतरावयाचे असते. त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५७ मध्ये स्थापन झाला आणि १९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आला. भारतात ह्या खेळास ना जत्रा, ना तालीम, ना रीतसर बर्फाचा मार्ग. तरीही हिमाचल प्रदेशातील शिव केशवन १९९८ मध्ये, सोळाव्या वर्षी, नागानो येथे उतरले आणि २०१८ पर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये खेळले. आंतरराष्ट्रीय महासंघाने नव्या देशांसाठी चालविलेल्या प्रशिक्षणामुळे हे शक्य झाले. तेथे संघटना आधी आली, खेळाडू नंतर. मराठवाड्याच्या कुस्तीत क्रम उलटा आहे : खेळाडू, वस्ताद, प्रेक्षक सर्व आधीचे, संघटना शेवटी येऊन त्यांच्या डोक्यावर बसली. पण दोन्हीकडे खेळाडू संघटनेच्या दयेवर असतो, हे मात्र सारखेच. २०१४ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्यामुळे केशवन ह्यांना सोची येथे आपल्या देशाच्या ध्वजाखाली नव्हे, तर ऑलिंपिकच्या ध्वजाखाली उतरावे लागले.

कुस्तीवर तीच वेळ नऊ वर्षांनी आली. मुळात २०१३ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारिणीने कुस्ती हा खेळच ऑलिंपिकमधून वगळण्याची शिफारस केली होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम व कारभार सुधारल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरात तो परत घेण्यात आला. भारतात २०२३ मध्ये राष्ट्रीय महासंघाच्या कारभारावरून मोठा वाद झाला. महिला मल्लांनी गंभीर आरोप करून दिल्लीत धरणे धरले, निवडणुका लांबल्या, आणि ऑगस्टमध्ये जागतिक महासंघाने भारतीय महासंघास निलंबित केले. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत भारताचे मल्ल तटस्थ म्हणून खेळले. जागतिक महासंघाने निलंबन फेब्रुवारी २०२४ मध्ये उठविले. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये केलेले निलंबन मार्च २०२५ मध्ये मागे घेतले गेले.

महाराष्ट्रातील फूट त्याआधीची. २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघाने राज्य परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली, नवा संघ उभा राहिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. परिणामी नोव्हेंबर २०२३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. पुण्याजवळ फुलगाव येथे सिकंदर शेख ह्यांनी शिवराज राक्षे ह्यांना हरविले. लातूरच्या शेजारी धाराशिवला झालेल्या दुसऱ्या स्पर्धेत त्याच राक्षे ह्यांनी हर्षवर्धन सदगीर ह्यांना हरवून किताब मिळविला. एकच मल्ल त्याच महिन्यात एकीकडे उपविजेता व दुसरीकडे महाराष्ट्र केसरी ठरला. २०२५ मध्येही तेच झाले, आणि दोन्ही स्पर्धा एकाच जिल्ह्यात : फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ व मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके विजयी ठरले. अहिल्यानगरच्या स्पर्धेत निकालावरून पंचांस लाथ मारण्यापर्यंत मजल गेली. जत्रेत पंचांशी हुज्जत घालणारे पैलवान नवीन नव्हते. राज्याच्या किताबाच्या मैदानात ते दिसणे नवीन होते.

ह्या फुटीचा भार खाली जिल्हा तालीम संघांवर येतो. निवड चाचणी कोणत्या संघटनेच्या नावाने घ्यावयाची, मिळालेले प्रमाणपत्र नोकरीच्या राखीव जागेसाठी ग्राह्य धरले जाईल की नाही, मुलाला दोन्हीकडे पाठविले तर एकीकडून त्याच्यावर बंदी येईल काय, हे प्रश्न निलंगा, उदगीर, कंधार वा लोहा येथील वस्तादाला सोडवावे लागतात. माळेगावच्या व सिद्धेश्वराच्या फडात मात्र कोणी प्रमाणपत्र विचारीत नाही. तेथे पंच अजून हात-खांदे पाहून जोड लावतात, आणि रेवडीच्या कुस्तीसाठी लहान मुलांची रांग लागते.